शरीरबाह्य फलन : भारतातील संशोधन

स्त्रीबीज व शुक्रजंतू यांचे मीलन प्रयोगशाळेत घडवून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याची वंध्यत्वावरील उपचारपद्धती. लोकांच्या तोंडी ‘टेस्ट ट्यूब बेबी’. बीजवाहिन्या बंद असलेल्या स्त्रियांसाठी ती प्रथम विकसित झाली. स्त्रीबीज काढणे आणि भ्रूण गर्भाशयात सोडणे हे स्त्रीरोगतज्ज्ञाचे काम. मधल्या काळात भ्रूण जगवणे व वाढवणे प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाचे. म्हणून या क्षेत्रातील यश एकट्याचे क्वचितच असते. ओल्डहॅम (इंग्लंड) येथे २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेल्या जगातील पहिल्या अशा बाळामागेही रॉबर्ट एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी हे तिघे होते.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय, शीतजीवशास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य यांचा हा प्रयोग. त्यांनी संप्रेरके देऊन बीजांची वाढ घडवली, भ्रूण गोठवून ठेवला आणि पुढच्या मासिक चक्रात तो गर्भाशयात सोडला. ही रीत आज सर्रास वापरली जाते; जगाने मात्र गोठवलेल्या भ्रूणापासूनचे पहिले बाळ म्हणून मेलबर्नमधील १९८४ चा जन्म नोंदवला. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने मुखोपाध्यायांचा दावा फेटाळला. त्यांची बदली झाली, परदेशी परिषदेला जाण्याची परवानगी नाकारली गेली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) हा चित्रपट या घटनेच्या प्रेरणेतून निघाला.

मुंबईत परळ येथे परिस्थिती अनुकूल होती. महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेत संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार. रुग्णालयाकडे रुग्ण व शस्त्रक्रियेचा हात, संस्थेकडे प्रयोगशाळा आणि शिस्तशीर नोंदी. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये मुलगी जन्मली आणि ती देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी ठरली. सार्वजनिक रुग्णालयात हे घडले, ही बाब आजच्या खासगी केंद्रांच्या गर्दीत विसरली जाते. हिंदुजांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

आनंद कुमारांचे मोठेपण पुढे दिसले. मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे हाती आल्यावर त्यांनी ती तपासली आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान कोलकात्याला दिला. हा मान तोवर त्यांच्याच चमूकडे होता. वैज्ञानिक श्रेयाच्या वादांत असे उदाहरण विरळाच.

मुंबईतील जन्माची नोंद आता ‘शास्त्रीय कागदपत्रांनिशी सिद्ध झालेली देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ अशी केली जाते.