पेशीतील धान्यकोठार

मंगळवेढ्याचे नाव निघाले की मराठी मनाला दामाजीपंतांचे स्मरण होते. पंधराव्या शतकात, बहामनी राजवटीत, भीषण दुष्काळ पडला असता ह्या अधिकाऱ्याने बादशहाच्या आज्ञेवाचून सरकारी कोठारे भुकेल्यांस खुली केली, अशी कथा आहे. महिपतीच्या ‘भक्तविजया’ने ती घरोघर नेली. विठू महाराने केलेली भरपाई हा श्रद्धेचा विषय होय. परंतु साठा राखणे हे कर्तव्य असले तरी तो फोडण्याची वेळ कोणी ओळखावी, हा कथेतील प्रश्न सर्वकाळचा आहे.

आपल्या देहातील प्रत्येक पेशीपुढेही तो उभा असतो. प्रथिने ही पेशीची भिंत, अवजारे आणि कामकरी, सर्व काही. तथापि उपासमार होताच त्यांतील काही मोडून मिळणाऱ्या अमिनो आम्लांवर तिला निर्वाह करावा लागतो. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी १९६३ मध्ये ह्या क्रियेस ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. पुढे जपानात योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी मुद्दाम उपाशी ठेवून ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि १९९३ मध्ये तिला आवश्यक अशा पंधरा जनुकांचा माग काढला. त्यांतलेच एक ‘एटीजी ५’. ते मनुष्यातही आहे. मोडावयाचा माल ज्या पिशवीत भरला जातो, ती विणण्यास त्याचे प्रथिन साह्य करते.

ह्या जनुकाचे मोल २००४ मधील एका प्रयोगाने पटविले. जन्मताच नाळ तुटते आणि आईकडून येणारे पोषण थांबते. दूध मिळेपर्यंतचा तो अल्प काळ नवजात जीवाचा पहिला दुष्काळच होय. निरोगी उंदरांच्या पिलांत त्या वेळी स्वभक्षण वेगाने वाढते. ‘एटीजी ५’ नसलेली पिले मात्र दिसावयास बहुतांशी धडधाकट जन्मूनही एका दिवसाच्या आत मरण पावली. अंगी प्रथिने होती. कोठार उघडणारा नव्हता.

ओसुमींना २०१६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी तुर्की कुटुंबातील दोन भावंडांची हकीकत प्रसिद्ध झाली. ह्या जनुकातील एका बदलामुळे त्यांच्या प्रथिनातील एकच अमिनो आम्ल पालटले होते. त्यांचे स्वभक्षण मंदावले होते, चालताना तोल जात होता, वाढही मागे पडली होती. म्हणजे ही मोडतोड केवळ उपासाच्या दिवसांपुरती नाही. जीर्ण झालेले वेळीच काढून टाकणे हे मज्जापेशींचे नित्यकर्म आहे.

मोडणे म्हणजे नाश, अशी आपली सहज समजूत असते. दामाजींच्या गावाला तरी ती पटू नये. वेळेवर रिते झालेले कोठारच गावाला पुढची पेरणी दाखविते.