चहावाल्यांचा संगणक

संगणक कुणी घडवला, असं विचारलं की आपल्याला विद्यापीठं आठवतात, नाहीतर लष्कर. पण कचेरीच्या रोजच्या कामासाठी पहिला संगणक बांधला तो लंडनच्या चहावाल्यांनी! जे. लायन्स अँड कंपनी चहा, पाव, केक विकत असे आणि गावोगावी तिची टी-शॉप्स होती. एकेका बिलावर सुटणारा नफा अगदी किरकोळ, हिशेबाचे कागद मात्र ढीगभर. त्यामुळे कारकुनी खर्च कसा कमी होईल, हा कंपनीचा जुनाच ध्यास.

१९४७ साली कंपनीनं रेमंड थॉम्प्सन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड या दोघांना कचेरीच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेत धाडलं. प्रिन्स्टनला हर्मन गोल्डस्टाइन यांच्याकडून त्यांना कळलं, की असं एक यंत्र त्यांच्याच देशात, केंब्रिजला, मॉरिस विल्क्स बांधत आहेत. काखेत कळसा म्हणतात तो असा. परतल्यावर दोघांनी संचालकांपुढे अहवाल ठेवला : खर्च अंदाजे १,००,००० पौंड, बचत वर्षाला ५०,००० पौंड.

हिशेब मोहात पाडणारा होता. तरी संचालकांनी लगेच थैली सैल केली नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी केंब्रिजला ३,००० पौंड आणि मदतीला आपला एक तंत्रज्ञ दिला, आणि वाट पाहिली. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजचं एडसॅक चाललं. मगच लायन्सनं स्वतःचं यंत्र उभारायचं नक्की केलं. त्याचं नाव लिओ. बांधणी जॉन पिंकर्टन यांच्याकडे होती.

यंत्राला काम नेमून द्यायची जबाबदारी डेव्हिड कॅमिनर यांची. ते इंजिनिअर नव्हते, कचेरीतले माणूस होते. कुठला कागद कुठून येतो, त्यावर कोण काय करतं, चूक झाली तर कुणाच्या लक्षात येते, हे सगळं आधी उकलायचं आणि मग प्रोग्रॅम लिहायचा, असा त्यांचा खाक्या.

अडचण आली ती गणितात नाहीच. पगारपत्रकात आकडेमोड थोडी, पण आत घालायची आणि बाहेर छापायची माहिती अफाट. त्यासाठी बाहेरच्या कंपनीकडून मागवलेली चुंबकीय फितीची यंत्रणा काही केल्या भरवशाची होईना. शेवटी ती सोडून पंच केलेली कार्डं आणि कागदी फितीच वापराव्या लागल्या. बुद्धी होती, तोंडच अडलं होतं म्हणा ना! म्हणून नोव्हेंबर १९५१ मध्ये पहिलं काम निवडलं ते बेताच्या माहितीचं : बेकरीच्या मालाचं मूल्य काढणं. पगार डिसेंबर १९५३ मध्ये सुरू झाले. कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला आठ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद.

१९५४ मध्ये टी-शॉप्सच्या रोजच्या मागण्या यंत्रावर घ्यायच्या ठरल्या. सगळी मागणी रोज नव्यानं भरायची म्हटली असती, तर सारी बचत माहिती भरण्यातच गेली असती. मग असं ठरलं, की प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी यंत्राजवळ असायची. दुकानाच्या व्यवस्थापिकेनं दुपारी फोनवर फक्त फरक सांगायचा : उद्या केक चार कमी, पाव दोन जास्त. पलीकडची मुलगी तेवढंच कार्डावर पंच करी.