मोंद्रागोनची रायफल

चाप ओढला की गोळी सुटते, रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत बसते. सैनिकाला बोल्टला, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या दांड्याला, हात लावावा लागत नाही. मेक्सिकोने १९०८ मध्ये अशी रायफल फौजेसाठी स्वीकारली, तेव्हा युरोपातल्या बड्या फौजांचे पायदळ दर गोळीला हाताने बोल्ट ओढत होते.

ती घडवणारे मान्वेल मोंद्रागोन तोफखान्यातले अधिकारी. असे प्रयत्न आधीही झाले होते, पण काळ्या दारूची काजळी भागांवर साचून यंत्र अडकायचे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्येय यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि वाट मोकळी झाली. मोंद्रागोन यांनी नळीला बारीक छिद्र ठेवले. गोळी छिद्रापुढे गेली की मागचा थोडा वायू त्यातून उतरून नळीखालचा दट्ट्या मागे ढकलतो. दट्ट्याच्या जोरावर बोल्ट फिरून मोकळा होतो, मागे सरकतो, रिकामे काडतूस फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे रेटते आणि येताना तो नवे काडतूस आत नेतो. शिवाय एक खटका होता: बोल्ट दट्ट्यापासून सोडवला की तीच रायफल हातानेही चालवता येई. या साऱ्या रचनेत मला हा खटका सर्वांत मोलाचा वाटतो. यंत्र रुसले तरी सैनिक निःशस्त्र होत नव्हता.

एवढे नेमके काम मेक्सिकोत होण्यासारखे नव्हते. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या नॉयहाउझेनच्या ‘सिग’ कारखान्याकडे ४,००० रायफलींची मागणी गेली. रायफलीला राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांचे नाव दिले होते. पण क्रांती पेटली, १९११ मध्ये दियास देश सोडून गेले, आणि मेक्सिकोला पोचल्या त्या सुमारे ४००च. पुढे १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मादेरो यांच्याविरुद्धच्या बंडात खुद्द मोंद्रागोन पुढे होते. आपल्या रायफलीला ज्या अस्थिरतेने गिळले, तीत त्यांनी स्वतः भर घातली, हे मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत क्लेशदायक पान वाटते.

उरलेल्या रायफली पहिल्या महायुद्धात जर्मनीने घेतल्या. खंदकांतल्या चिखलाने त्या अडकू लागल्या, तेव्हा ३० गोळ्यांचे गोल मॅगझिन लावून त्या वैमानिकांना दिल्या. विमानांवर मशीनगन आल्यावर तेही काम संपले.

मोंद्रागोन १९२२ मध्ये स्पेनमध्ये वारले. १९३६ मध्ये अमेरिकेने जॉन गॅरंड यांची रायफल फौजेसाठी स्वीकारली. पुढे ती लाखोंनी बनली. नळीखालचा दट्ट्या आणि फिरणारा बोल्ट तिच्यातही आहे.