पुरुषोत्तम करंडक

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने ती १९६३ मध्ये सुरू केली. फेऱ्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात रंगतात. पुण्याबाहेरही केंद्रे उघडली गेली, त्यांत मराठवाड्यासाठी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) होते. लिंबागणेशसारख्या बीड जिल्ह्यातील गावांतून आलेल्या मुलांना पुण्यापेक्षा ते जवळचे.

स्पर्धेची खरी धामधूम प्रयोगाआधीच चालते. पावसाळा लागला की महाविद्यालयांत ऑडिशन होतात. नव्या मुलाला उतारा वाचायला देतात, एखादा प्रसंग उत्स्फूर्तपणे करायला लावतात. ज्याला भूमिका मिळत नाही तो प्रकाशयोजनेला किंवा नेपथ्य उचलायला लागतो, आणि तिथेच पुष्कळदा अधिक शिकतो. संहिता अनेकदा संघातल्याच कुणाची, तालमीत घडलेली. नवा नाटककार घडवण्यात या स्पर्धेचा वाटा पारितोषिकांहून मोठा मानावा लागेल. प्रेक्षागृहातील ‘आवाज कुणाचा’ ही आरोळी प्रसिद्धच आहे, कधीकधी नाटकापेक्षा जास्त. जब्बार पटेल, मोहन आगाशे हे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी याच रंगमंचावर वावरले.

२०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका पात्र न ठरवल्याने करंडक कुणालाच दिला गेला नाही.