माहितीशोध व पडताळणीचे शिक्षण
आंतरजालावर माहिती शोधण्याचे व तिची विश्वसनीयता पारखण्याचे विद्यार्थ्यांना दिलेले शिक्षण. केरळातील कण्णूर जिल्ह्यात 2018 मध्ये ‘सत्यमेव जयते’ उपक्रमातून सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे दिले गेले. सरावासाठी चेन्नईजवळचे एन्नोर हे फार बोलके उदाहरण. ‘एन्नोर तेलगळती’ असे शोधल्यास दोन वेगळ्या घटनांची सरमिसळ होऊ शकते : 28 जानेवारी 2017 ला कामराजर बंदराजवळ ‘बीडब्ल्यू मेपल’ व ‘डॉन कांचीपुरम’ या जहाजांच्या टकरीनंतरची, आणि डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर खाडीत उतरलेल्या तेलाची. काळवंडलेले पाणी छायाचित्रात सारखेच दिसते. म्हणून तारीख, स्थळ आणि मूळ प्रकाशक आधी पाहावा. नावेही तपासावीत : 2014 पूर्वीच्या नोंदींत कामराजर बंदर ‘एन्नोर बंदर’ या नावाने आढळते.