बंदरावरचा बावटा आणि गटसंदेश

मालवण, देवगड, वेंगुर्ला या बंदरांवर वादळापूर्वी चढणाऱ्या बावट्यामागची व्यवस्था दीड शतकाहून जुनी आहे. १८६४ च्या चक्रीवादळात कलकत्त्याची अपरिमित हानी झाल्यावर १८६५ मध्ये त्या बंदरात वादळाची सूचना देण्यास आरंभ झाला, १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले आणि १८९८ पासून देशभरच्या बंदरांना एकसारखी संकेतपद्धती मिळाली. या पद्धतीचे मर्म वाटपात आहे: खात्याची तार सरसकट सगळीकडे न जाता धोक्यातील किनाऱ्याच्याच बंदर-अधिकाऱ्यांना जाई, आणि तेथे दिवसा शंकू व दंडगोल, रात्री लाल-पांढरे दिवे डोलकाठीवर चढले की नजरेच्या टप्प्यातील प्रत्येक होडीला तो इशारा एकाच वेळी मिळे. मच्छीमारांच्या तोंडी असलेला ‘तीन नंबरचा बावटा’ म्हणजे बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका आहे असे सांगणारा स्थानिक इशारा होय.

एक संदेश पुष्कळांना, पण ज्यांना हवा त्यांनाच, हा प्रश्न संगणकांच्या जाळ्यांपुढे १९८० च्या दशकात उभा राहिला. त्याचा बावट्याशी वंशसंबंध नाही, परंतु साम्य मात्र खरे आहे. स्टीव्ह डीअरिंग यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये मांडलेल्या मल्टिकास्टच्या, म्हणजे गटसंदेशाच्या, मानकात संदेशावर एका यंत्राचा नव्हे, तर गटाचा पत्ता असतो, आणि ज्या यंत्राला तो संदेश हवा ते आपले सदस्यत्व स्वतः कळवते. अडचण स्विचपाशी येते, कारण यंत्रांना जोडणाऱ्या या पेटीला गटाचे सदस्य कोठे आहेत हे मुळात ठाऊक नसते, त्यामुळे ती संदेश सर्व वाटांनी सोडते आणि अनावश्यक वाहतुकीने जाळे भरून जाते. त्यावर ‘स्नूपिंग’चा उपाय निघाला: सदस्यत्वाचे निरोप स्विच वाटेतच ऐकतो, कोणत्या वाटेवर कोण आहे याची नोंद ठेवतो आणि त्याच वाटांनी संदेश धाडतो.

ही नोंद टिकावी म्हणून जाळ्यातील एक घटक, ज्याला क्वेरिअर म्हणतात, साधारणपणे दर १२५ सेकंदांनी कोणाला काय हवे आहे ते विचारत राहतो. तो बंद पडला तर काही मिनिटांत नोंदी गळतात आणि मागणी असूनही संदेश निमूटपणे थांबू शकतो. बंदराच्या पद्धतीत या संभाव्य मौनाची तरतूद आधीच होती, आणि ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुज्ञ गोष्ट म्हणावी लागेल: अकरा क्रमांकाचा संकेत हवामान केंद्राशी संपर्क तुटला असून स्थानिक अधिकाऱ्याच्या मते वादळाचा धोका आहे, एवढेच सांगण्यासाठी राखून ठेवलेला आहे.