खचणं आणि डिप्रेशन : बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट

आज इतिहास एका शब्दाचा.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. चार महिने इंटरव्ह्यू देत होतो, कुठंच जमेना. मित्र म्हणाले, "तुला डिप्रेशन आलंय." टेंभुर्णीहून आजीचा फोन आला. ती म्हणाली, "तुझा आजा बहात्तरला असाच खचला होता."

1972 चा दुष्काळ. सोलापूर जिल्हा होरपळलेला. आजोबांनी बैल विकले. आजी सांगते, भजनाला बसले की ते रंगून जायचे, पोराला खांद्यावर घेऊन हसायचे. पण "उद्या काय करायचं?" विचारलं की गप्प.

हाच फरक मानसोपचारात नीट मांडला गेलाय. जेरोम फ्रँक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं म्हटलं, की उपचाराला येणारे बहुतेक लोक मुळात खचलेले असतात. 1993 मध्ये डी फिगेरेडो यांनी आणखी उलगडून सांगितलं : डिप्रेशनमध्ये काय करायचं ते कळत असलं तरी उभारीच नसते, आवडत्या गोष्टीतही गोडी राहत नाही. खचलेल्याला उभारी असते, आत्ताचा आनंदही होतो, पण वाट दिसत नाही आणि आपल्याच्यानं होणार नाही असं वाटतं.

विहीर खचते तेव्हा दगड तेच असतात, आधार सुटलेला असतो. मराठीनं शब्द बरोबर निवडलाय.

मग आजोबा खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले. त्याच काळात वि. स. पागे यांच्या पुढाकारातून रोजगार हमी योजना उभी राहत होती, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. त्यामागचा विचार साधा : मागेल त्याला काम आणि कामाचा दाम, भीक नव्हे. पहिला पगार आणला त्या रात्री आजोबा म्हणाले, "बियाणाचं बघाय पाहिजे." आजीच्या मते, ते त्या रात्री उठले.

म्हणून खचलेल्याला नुसतं "पॉझिटिव्ह राहा" म्हणू नका. पुढची एक पायरी दाखवा. आणि डिप्रेशनवाल्याला "कामाला लाग, बरं वाटंल" म्हणू नका, त्याला उपचार लागतात. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि नुसता खचलेला माणूसही जीव द्यायचा विचार करतो. आपण घरबसल्या ठरवायचं नाही. मीही डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी विचारलं, "जेवणाची चव लागते का?" लागत होती. मग आम्ही दोघांनी पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक लिहिलं.

टेलिमानसचा नंबर 14416, फोन फुकट आहे. भेटू पुढच्या भागात.